मांडीवरून टेबलावर

२०११ चा लेनोवो थिंकपॅड एक्स२२०. साडेबारा इंची पडदा, बोटांना सुखावणारा जुन्या धाटणीचा कीबोर्ड. हौशी मंडळी त्याला गेमिंगला जुंपतात ती बाजूच्या एक्स्प्रेसकार्ड खाचेतून. खाचेत केबल, केबलला डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड, कार्डाला वेगळा पॉवर सप्लाय. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

डेस्कटॉपवर या कार्डाला डेटाच्या ये-जा करण्यासाठी सोळा लेन मिळतात, इथे एकच. सेकंदाला जेमतेम ५०० मेगाबाइट. चित्र त्याच वाटेनं लॅपटॉपच्या पडद्यावर परत आणलं तर वेग आणखी घसरतो, म्हणून मॉनिटरही बाहेरचा. दोन कोअरचा प्रोसेसर बोर्डालाच सोल्डर केलेला. तो बदलायची सोय नाही. नवं कोरं कार्ड त्याची वाट पाहत बसतं.

आणि लॅपटॉप उचलून दुसऱ्या खोलीत न्यायचाच असेल, तर आधी तो बंद करावा. चालू असताना केबल निघाली, की खेळ खलास.