आधी अंघोळ, मग कुंड

जपानने 1948 साली गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी कायदा केला. त्यात लिहून ठेवलं, की जमिनीतून निघणारं पाणी 25 अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम असलं की ते ओन्सेन. त्याहून थंड असलं तरी ठरावीक क्षार असले की चालतं. या बाबतीत जपानी सरकार दिलदार आहे. हा कायदा लोट्याला लावला तर पंचाईत होईल. खेड आणि चिपळूणच्या मधल्या या गावात कुठेही बोअर मारली तरी पाणी 25 अंशांच्या वरच लागायचं, म्हणजे अख्खी एमआयडीसी ओन्सेनवर वसलेली ठरेल. तो मान कुणी मागायला जाऊ नये. पण खरोखरच्या गरम पाण्यासाठीही लोटेकरांना फार लांब जावं लागत नाही. उत्तरेला खेड शहरातच कुंड आहे. दक्षिणेला चिपळूण ओलांडून महामार्गाने गेलं की आरवली, मग तुरळ, राजवाडी. दापोली तालुक्यात उन्हवरे, तिथलं पाणी सत्तर अंशांच्या घरात. आणि पार खाली राजापूरजवळ उन्हाळे. परशुरामाने समुद्र हटवून जमीन दिली तेव्हा खालची चूल विझवायची राहिली असावी, अशी शंका यावी इतकी ही रांग लांब आहे. भूगर्भवाले मात्र चुलीवर विश्वास ठेवत नाहीत. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं, असं ते सांगतात. जवळपास जागा ज्वालामुखी नाही, ही त्यातली समाधानाची बाब.

तरीही मात्सुयामाच्या दोगो ओन्सेनला जग विमानाने जातं आणि आरवलीच्या कुंडाकडे जग गाडीची काचसुद्धा खाली करत नाही. याचं कारण पाण्यात शोधून सापडणार नाही. दोगोचं पाणी अठरा झऱ्यांमधून येतं, कुठे 20 अंश, कुठे 55. ते एकमेकांत मिसळून 42 च्या आसपास आणतात. म्हणजे कढत पाण्यात विसण घालतात. ही विद्या आपल्या आज्यांना बंबाच्या काळापासून येत होती. दंतकथेत तर आपणच वरचढ आहोत. तिथे एका बगळ्याने दुखरा पाय पाण्यात बुडवला आणि तो बरा झाला, एवढ्यावर भागलं. आपल्याकडे इतक्या किरकोळ कामासाठी झरा फुटत नाही, रामाचा बाण लागतो. माझ्या मते दोगोची सगळी पुण्याई पाण्याआधीच्या बादलीत आहे. तिथे आधी छोट्या स्टुलावर बसून, अंग साबणाने खसाखसा घासून, फेसाचा ठिपका राहणार नाही असं धुवायचं. मग त्या स्वच्छ अंगाने कुंडात उतरायचं आणि काहीही न करता बसायचं. आपल्याकडे कुंड हेच न्हाणीघर. पायरीवर साबणाची वडी, तिच्याखाली तिचंच चुरगळलेलं वेष्टन, बाजूला दाताने फाडलेली शाम्पूची पुडी, कठड्यावर पिळून टाकलेला टॉवेल. एकाच्या डोक्यावरचा फेस तरंगत दुसऱ्याच्या हनुवटीला लागतो, आणि तो दुसरा डोळे मिटून गुडघेदुखी थांबायची वाट पाहत असतो. बरं, या पाण्याने खरूज-नायटा जातो अशी ख्याती असल्यामुळे आधी उतरून गेलेला माणूस कशासाठी उतरला होता, हे न विचारलेलंच बरं.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: जपान्यांच्या रक्तातच शिस्त आहे, आपल्याला ते जमायचं नाही. रक्ताचा हा दाखला नात्सुमे सोसेकी या त्यांच्याच लेखकाने कधीच निकालात काढला आहे. त्याच्या 1906 च्या ‘बोच्चान’ या कादंबरीचा नायक गणिताचा मास्तर. तो हमामात कुणी नाही असं पाहून मनसोक्त पोहतो आणि पुढच्या खेपेला पाहतो तर पोहण्यास मनाईची पाटी लागलेली! तशी पाटी आज दोगोत खरोखर आहे. शिस्त रक्तात असती तर पाटी रंगवायचा खर्च वाचला असता. आणि इकडचा पुरावा हवा असेल तर लोट्याच्या कुठल्याही केमिकल कंपनीच्या गेटवर उभं राहावं. पहिल्या शिफ्टला आलेला माणूस खिशातली काडेपेटी, बिडीचं बंडल, मोबाइल मुकाट्याने जमा करतो, हेल्मेट चढवतो, बूट बदलतो. ‘आमच्या संस्कृतीत हे बसत नाही’ असं तो वॉचमनला सांगत नाही. शिफ्ट सुटल्यावर अंग धुऊन, कपडे बदलूनच तो बसमध्ये चढतो. हाच माणूस रविवारी पोराबाळांना घेऊन कुंडावर जातो आणि साबणासकट पाण्यात उतरतो. दोन दिवसांत रक्त बदलत नाही. कंपनीला गेट आहे आणि कुंडाला नाही, फरक एवढाच.

दुसरा आक्षेप लाजेचा. ओन्सेनमध्ये दिगंबर होऊन उतरावं लागतं, आणि आपल्या गावचे सरपंच, भावोजी आणि एलआयसीचे एजंट यांना त्या अवस्थेत एका रांगेत पाहण्याची कुणाची तयारी नाही. ठीक आहे, तेवढं जपानलाच राहू द्या. चड्डी असू द्या, फक्त ती धुतलेली असावी. धर्माचं म्हणाल तर धर्म माझ्याच बाजूला आहे. पाण्यात थुंकू नये, घाण करू नये, हे मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे. मनूचं बाकी काही मानायचं नसलं तरी एवढं मानायला हरकत नसावी. शिवाय तीर्थात पापं नुसत्या बुडीने जातात अशी आपली श्रद्धा आहे. त्यांना साबण लागतो असं कुठल्याही पुराणात सांगितलेलं नाही. उरला तो मळ, त्यासाठी कुंड नको, नळ पुरे.

खरा आक्षेप पुढे आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. महामार्गावरून रात्रभर ट्रक हाकून आलेल्या ड्रायव्हरला, कुणाच्या तरी बांधकामावर आलेल्या मजुराला हे कुंड म्हणजे फुकटात मिळणारी एकुलती एक धड अंघोळ असते. त्याला ‘आधी अंघोळ करून ये’ म्हणणं म्हणजे जेवायला आलेल्याला आधी पोट भरून ये म्हणणं. मान्य. म्हणूनच तर मी कुंडाला तिकीट लावा असं म्हणत नाही. कुंडाबाहेर न्हाणी बांधा म्हणतो. कुंडातून ओसंडून वाया जाणारं पाणीच दोन नळांना द्यावं, खाली फरशी, चार बादल्या, फेसाचं पाणी लांब नेणारं गटार. ड्रायव्हरची अंघोळ तिथे होईल आणि नंतरचा अर्धा तास त्याच्या कंबरेला मिळेल, जो आज त्यालाही मिळत नाही.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न दोगोलाही पडला होता. 1894 साली तीन मजली लाकडी इमारत उभी राहिली, त्याआधी गावकऱ्यांनी खर्चावरून नगराध्यक्ष इसानिवा युकिया यांच्या नावाने बोटं मोडली होती. त्यांनी स्वतः पगार घेतला नाही आणि काम पुरं केलं. शंभर वर्षांनी, 1994 मध्ये, ती इमारत राष्ट्रीय महत्त्वाचा वारसा ठरली. 2019 पासून 2024 पर्यंत तिची दुरुस्ती चालली, तेव्हाही अंघोळी सुरूच होत्या. आपल्याला तीन मजले नकोत, ग्रामपंचायतीच्या एका वर्षाच्या अंदाजपत्रकात बसेल एवढी ही न्हाणी आहे. उकाड्याच्या कोकणात गरम पाण्यात बसणार कोण, असं विचारणाऱ्याने डिसेंबरच्या पहाटे येऊन पाहावं.

न्हाणी होईल तेव्हा होईल. तोवर आरवलीला किंवा उन्हवऱ्याला जायचं ठरलंच, तर निघण्यापूर्वी घरी स्वच्छ अंघोळ करा, सोबत पंचा घ्या आणि साबण घरीच ठेवा.