प्रयोग क्रमांक १ : कलात्मक चित्रपट व मूल

उद्देश : धुळ्याच्या देवपुरातील सहावी-सातवीतल्या मुलाला कलात्मक चित्रपटातून काय शिकता येते, ते तपासणे.

साहित्य : एक मूल, बोधाची घाई असलेला एक पालक, नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३), पावशेर भाजलेल्या शेंगा, अंधार.

'फँड्री' न मिळाल्यास श्याम बेनेगल यांचा 'मंथन' (१९७६) चालतो. त्यातल्या स्मिता पाटील यांचे घराणे जिल्ह्यातल्याच शिरपूरचे, त्यामुळे आजोबाही येऊन बसतात आणि नातेगोते लावण्यात अर्धा चित्रपट सरतो. गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो काढला, असे सांगितल्यास गुणाकाराचाही सराव होतो.

कृती : मुलाला पडद्यासमोर बसवावे. शेंगा एकदम देऊ नयेत. 'फँड्री'तला मुलगा जब्या काळ्या चिमणीमागे गलोल घेऊन हिंडत राहतो. मारामारी सुरू होत नाही, हे लक्षात येताच मूल "संपना का?" असे विचारते. उत्तर देऊ नये.

निरीक्षण : (१) थोड्या वेळाने मूल स्वतःच झाडांत चिमणी शोधू लागते. पालक मोबाइल शोधू लागतो.

(२) डुकरामागे धावणारे जब्याचे माने कुटुंब शाळेतले राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी थांबते. डुक्कर थांबत नाही. मूल आधी हसते, मग गप्प होते. गप्प होण्याचे कारण विचारू नये, ते त्यालाही ठाऊक नसते. पालकाला एव्हाना डुलकी लागलेली असते.

(३) शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. मूल दचकून मान चुकवते. झोपलेल्याला तो लागत नाही.

अनुमान : दिवा लागल्यावर पालक "मग, काय शिकलास?" असे विचारतो. मूल "कोणाला दगड मारू नये" असे सांगते. हे उत्तर पूर्ण गुणांचे असून चित्रपट न पाहताही देता येते. दुसऱ्या दिवशी परिपाठात राष्ट्रगीत चालू असताना त्याची नजर फाटकाबाहेर जाते, रस्त्यावर कोण उभे आहे ते पाहायला. प्रयोगवहीत या नोंदीसाठी रकाना नाही.

खबरदारी : एकाच मुलावर हा प्रयोग आठवड्यात दोनदा करू नये. पालकाला उठवू नये. टरफले ज्याची त्याने उचलावीत.