फियाटचे इंजिन विकावयास काढणाऱ्या सद्गृहस्थांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री मोटारमालक महाशय, मुक्काम कवठे महांकाळ, यांस,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

‘१९७० सालच्या फियाट डिलाइटचे मूळ इंजिन व गिअरबॉक्स, चालू स्थितीत, विकणे आहे, उगाच चौकशी करणाऱ्यांनी येऊ नये’ असा जो जाहीरनामा आपण मिरज–पंढरपूर रस्त्यावरील चहाच्या टपरीपासून बेदाण्याच्या शेडपर्यंत चिकटवून ठेवला आहे, तो वाचून आपल्या व्यवहारचातुर्याविषयी माझ्या मनात उत्पन्न झालेला आदर खाजगी पत्रात मावण्याजोगा नसल्यामुळे हा उघडा पत्रप्रपंच करीत आहे. ज्या तालुक्याने म्हैसाळ योजनेचे पाणी येईपर्यंत अग्रणीच्या कोरड्या पात्राकडे पाहत, आटलेल्या विहिरींवर ऑइल इंजिने बसवून दिवस काढले, त्या तालुक्यातील मनुष्य इंजिनाचे मोल जाणत नाही, असे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा आहे?

वस्तूही सामान्य नव्हे. ६८ मिलिमीटर व्यासाची आणि ७५ मिलिमीटर धावेची ही चार सिलिंडरे, मिळून १०८९ घनसेंटीमीटर, इटलीत प्रथम अवतरली ती १९३७ साली. पुढे खुद्द इटलीकरांनी आपल्या गाडीत १२२१ घनसेंटीमीटरचे इंजिन घातले, परंतु सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात तो जुनाच आकडा शिरोधार्य मानला आणि डिलाइट गेली, प्रेसिडेंट गेली, पद्मिनी आली, तरी त्यात तिळमात्र फरक होऊ दिला नाही. अशाच एका १९६४ च्या बनावटीच्या फियाटसाठी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना १२,००० रुपयांपैकी ५,००० रुपये बँकेकडून कर्जाऊ घ्यावे लागले व ते त्यांच्या पश्चात ललितादेवींनी निवृत्तिवेतनातून फेडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. आपण केवळ इंजिन आणि गिअरबॉक्स यांसाठी जी रक्कम सांगता, तीत शास्त्रीजींच्या दारात गाड्यांची रांग लागली असती. पण महागाईचा दोष आपल्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

विशेष कौतुक वाटते ते आपल्या पुढील बेताचे. मूळ इंजिन काढून त्या जागी एका आधुनिक छोट्या मोटारीचे इंजिन बसवावयाचे, वरून रंगरंगोटी करून गाडी लग्नाच्या वरातींस भाड्याने द्यावयाची आणि शिवाय तिची ‘व्हिंटेज’ म्हणून सरकारदरबारी नोंद करून घ्यावयाची, असे आपण चारचौघांत बोललात म्हणे. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांत पन्नास वर्षांवरील ज्या वाहनांस हा मान दिला आहे, त्यांच्या चासीत, सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे, आणि असे वाहन धंद्यासाठी रस्त्यावर आणण्यास मनाई आहे. म्हणजे एकाच बेतात दोन्ही कलमांचा निकाल लावण्याची किमया आपण साधली आहे. नोंदणीपुस्तकातील इंजिन क्रमांक आणि नव्या इंजिनावरचा क्रमांक यांची गाठ कोण घालून देणार, हा क्षुद्र प्रश्न परिवहन कार्यालयातील कारकुनांवर सोपवलेला बरा.

आता ‘चालू स्थिती’विषयी. आपले इंजिन लिंबाच्या झाडाखाली गोणपाटावर पहुडलेले मी पाहिले. ते चालू आहे ही गोष्ट आपण छातीवर हात ठेवून सांगितलीत आणि मी ती तितक्याच श्रद्धेने ऐकली. तथापि माझ्या ओळखीचे एक मिस्त्री फार संशयी वृत्तीचे आहेत. ते म्हणतात, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. एखाद्यात ते कमी भरल्यास आत चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत आणि न चढला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत असे समजावे. रिबोअर झाले असल्यास पिस्टन कोणत्या मापाचे घातले, हेही ते विचारतात. मी त्यांस सांगितले की, सद्गृहस्थाच्या शब्दापुढे मीटर लावणे हा उद्धटपणा आहे. ते हसले. मिस्त्री लोकांचे हसणे मला कधीच समजलेले नाही.

गिअरबॉक्सची कथा अधिक हृद्य आहे. या गाडीचा गिअर हातापाशी, स्टिअरिंगच्या डाव्या अंगास असतो, आणि तेथून खाली पेटीपर्यंत त्याचा हुकूम सळ्यांच्या द्वारे जातो. त्या सळ्या, तो दांडा आणि मधले सांधे आपण ‘किरकोळ सामान’ म्हणून पूर्वीच भंगारात घातल्याचे कळले. यांवाचून पेटीतील चारही गिअर जागच्या जागी शाबूत राहतात, झिजण्याची भीती उरत नाही. वस्तू चिरकाल टिकविण्याचा याहून खात्रीचा उपाय मला तरी ठाऊक नाही.

त्याच भंगारवाल्याने बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनिअमचे हेड वेगवेगळे तोलून किलोच्या दराने भाव सांगितला, तेव्हा आपण संतापून त्यास वाड्याबाहेर काढलेत, हे योग्यच झाले. मात्र त्या दिवसापासून दुसरे गिऱ्हाईक आपल्या दारी फिरकलेले नाही, आणि गेल्या वळवाच्या पावसात गोणपाटाखाली पाणी शिरले होते, एवढे नमूद करणे मला भाग आहे.

माझ्या गोठ्यात एक प्रेसिडेंट उभी आहे. तिच्या ब्लॉकला तडा गेला आहे. दांडा व सळ्या मात्र जागेवर आहेत. सबब, भंगारवाल्याच्या भावाच्या वर आणि आपल्या जाहीरनाम्याच्या बरेच खाली, नोंदणीपुस्तकाची नक्कल व विक्रीची सहीची पावती यांसह, मिस्त्रींसमक्ष कॉम्प्रेशन मोजून सौदा करण्यास मी राजी आहे. टेम्पोचे भाडे कोणी द्यावयाचे, तेवढे उलटटपाली कळवावे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
उगाच चौकशी करणारा एक इसम