दुबार वसुली

दानशूरांच्या वर्गावर आजवर पुष्कळांनी टीका केली आहे. परंतु त्यांच्या न्याय्य उत्पन्नावरच घाला घालण्याचे धाडस नासरेथच्या सुतारपुत्राइतके दुसऱ्या कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात त्याचे फर्मान आहे की, दान करताना पुढे करणा वाजवू नये आणि उजव्या हाताचे दान डाव्या हातास कळू देऊ नये. करणा नको, हे एखादा सोशीक दाता मान्य करीलही. पण डाव्या हातालाच अंधारात ठेवले, तर पावतीपुस्तक धरावे कोणी, या व्यावहारिक अडचणीचा विचार सदर फर्मानात मुळीच झालेला दिसत नाही.

शिवाय, लोकांनी पाहावे म्हणून जे देतात त्यांचे वेतन त्यांना पोचले, असा शेराही तेथेच मारून ठेवला आहे. शेरा वरकरणी सौम्य आहे, त्यात शापही नाही. परंतु ज्याने कचेरीचे दफ्तर सांभाळले आहे त्यास ठाऊक असते की, ज्या येण्याची पोच एकदा लिहून दिली, त्याबद्दल वरिष्ठ दरबारात पुन्हा दावा चालत नाही. टाळ्या मिळाल्या, खाते मिटले. स्वर्गातून दुबार वसुली मना आहे.

वस्तुतः पहिल्या शतकाच्या यरुशलेमेत सत्कर्माची नोंद ठेवण्याची रीत उत्तम होती. थिओडोटस नामक सभास्थानाधिपतीने नियमशास्त्राच्या पठनासाठी सभास्थान बांधले, परदेशाहून येणाऱ्यांसाठी उतरण्याच्या खोल्या व पाण्याची सोय केली, आणि हे सर्व ग्रीक अक्षरांत शिळेवर कोरविताना आपले वडील व आजोबाही सभास्थानाधिपतीच होते, ही वंशपरंपरागत वतनदारी नमूद करण्यास तो विसरला नाही. ती शिळा 1913-14 च्या उत्खननात पाण्याच्या एका जुन्या टाक्यात मिळाली. सभास्थानाचा मात्र निश्चित पत्ता लागलेला नाही. इमारतीपेक्षा पाटी टिकाऊ असते, हे वाचून आमच्या कोनशिलाप्रेमी मंडळींस समाधान वाटेल.

बायबलातील नोंदवही याहून विचित्र. मंदिराच्या दानकोशात धनिक मोठमोठ्या रकमा टाकीत असता एका विधवेने दोन टोल्या टाकल्या, तर तिचेच दान सर्वांत मोठे ठरविण्यात आले. आणि एवढा गौरव करून बाईचे नाव लिहिलेच नाही! उलट, हनन्या व सप्पीरा या दांपत्याने जमीन विकून काही पैसा घरात ठेवला आणि उरलेला सर्वस्व म्हणून प्रेषितांच्या चरणी आणला, त्यांची नावे मात्र ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात अजरामर झाली. पैसा त्यांचाच होता, हे प्रेषित पेत्रानेही कबूल केले होते. थोडे दिले हा गुन्हा नव्हता, थोडे देऊन सगळ्याचे श्रेय मागितले हा होता. दोघेही जागच्या जागी गतप्राण झाली.

त्या सुतारपुत्राची शिष्यमंडळी तरी कोठे निरिच्छ होती? सर्व सोडून तुमच्यामागे आलो, तर आम्हांला काय मिळणार, असे पेत्राने रोखठोक विचारले. आणि जब्दीच्या मुलांच्या मातोश्रींनी तर राज्यातील उजव्या-डाव्या बाजूच्या दोन्ही जागांसाठी तोंडी अर्जच गुजरला. बक्षीस नाहीच, असे उत्तर कोणालाही मिळाले नाही. मिळाली ती ताकीद एवढीच की, पहिल्या रांगेतले पुष्कळ जण शेवटच्या रांगेत जातील.

मत्तयाच्याच शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अखेरच्या न्यायनिवाड्याचे वर्णन आहे. तेथे ज्यांच्या पदरी राज्य पडते ते गोंधळून विचारतात की, महाराज, आम्ही आपणांस जेवू घातले कधी आणि पाणी पाजले कधी? त्यांच्याजवळ यादी नसते, दाखलाही नसतो. तेव्हा दातेहो, सत्काराला खुशाल जा, शाल-श्रीफळ घ्या, छायाचित्रही काढवून घ्या. फक्त त्याची कात्रणे पुरावा म्हणून त्या दरबारात नेऊ नका, कारण तेथे ती तुमच्याच विरुद्ध दाखल होतील.