पाच पॉइंट तीनचा मान

नाशिकच्या एम. जी. रोडवर इअरबड्स घेताना चोखंदळ गिऱ्हाईक आता आवाज ऐकत नाही, खोक्यावरचा आकडा वाचतं: ब्लूटूथ ५.३! ही प्रगल्भता अभिनंदनीय आहे. खिशातला फोन ४.२चा असला म्हणून काय झालं? दोघांचं जमतंच, फक्त संसार ४.२च्या ऐपतीत चालतो. २०१६ साली ५.०ने मिरवलेला दुप्पट वेग किंवा चौपट पल्ला होता कमी ऊर्जेच्या जोडणीसाठी. गाणी बहुतेक इअरबड्समध्ये अजून जुन्या ‘क्लासिक’ वाटेनेच येतात. येवोत बापडी! कानाला काय कळतं? आकडा डोळ्यांसाठी असतो. तेव्हा खोक्यावर थेट ९.९ छापावं, अशी नम्र सूचना आम्ही दुकानदाराला केली.

तो गंभीरपणे म्हणाला, “आहेत ना साहेब, दोनशे जास्त पडतील.”