थ्रीफेजच्या माहेरची भांडणं

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा कुंपणापाशी या, मोठ्यानं नाही सांगायचं. आपण रोज उठून ‘थ्रीफेज आली का’ विचारतो ना, तिच्या माहेरी केवढी भांडणं झालीत म्हणून सांगू!

तो एडिसन, बल्बवाला. त्याची डीसी लाइट जेमतेम मैलभर जायची. 1888 ला वेस्टिंगहाउस म्हणून दुसऱ्या एका कंपनीवाल्यानं टेस्ला नावाच्या संशोधकाची एसीची पेटंटं घेतली, आणि एडिसनच्या पोटात दुखायला लागलं. मग काय, ब्राऊन म्हणून एक इंजिनिअर पुढं सरसावला. एडिसनच्याच लॅबची मदत घेऊन चारचौघांदेखत कुत्र्यांना एसीचा शॉक द्यायचा, बाई! का, तर लोकांनी धसका घ्यावा. आणि कळस म्हणजे, कैद्यांना मारायच्या खुर्चीसाठी वेस्टिंगहाउसचेच जनरेटर गुपचूप पैदा केले. त्या वेस्टिंगहाउसचं तोंड कसं झालं असेल...

तर काय सांगत होते, हां. 1892 ला एडिसनच्या कंपनीची दुसरीशी सोयरीक झाली आणि पाटीवरून त्याचंच नाव गेलं! नुसतं ‘जनरल इलेक्ट्रिक’. वर पुढच्याच वर्षीच्या शिकागोच्या प्रदर्शनाचं दिव्यांचं कंत्राट वेस्टिंगहाउसनं कमी भाव लावून पळवलं. अहो तेच ते प्रदर्शन, आपले विवेकानंद धर्मपरिषदेला गेले होते ना, तिथलंच. जिकडंतिकडं एसीचा झगमगाट! जिंकणारच हो ती. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज चढवलं की तारेत करंट कमी, तार कमी तापते, लाइट लांब जाते. मग डीपीवर उतरवून घ्यायची.

आपल्याकडं टाटांनी 1915 ला खोपोलीत घाटावरचं पाणी खाली सोडून जनरेटर फिरवले. जमशेटजींना बघायला मिळालं नाही, ते 1904 लाच गेले. दोराबजींनी पुरं केलं. त्या लाइटीवर मुंबईच्या गिरण्या धावल्या. आणि गिरण्यांत कोण? आपल्या जुन्नर-आंबेगावची पोरं! महाळुंगे पडवळचे बाबू गेनू गिरणीतलेच की. 1930 ला विदेशी कापडाच्या ट्रकपुढं आडवे झाले ते... आता डिंभ्याच्या जलाशयाला त्यांचंच नाव, अन् धरणाच्या पायथ्याला 5 मेगावॅटचं पॉवरहाउस. माणिकडोहचं 6 चं, म्हणून आमची जुन्नरची नणंद जरा जास्तच नाक वर करते. करू दे.

आपल्या विहिरीवरची मोटार टेस्लाच्याच घराण्यातली बरं का. ते तीन फेज मात्र दुसऱ्याच एका रशियन गृहस्थानं जमवले, त्याचं नाव कुणी घेत नाही, ते एक असो. तर मुद्दा काय, पाणी आपलं, धरण आपलं, आणि शेतीची लाइट येते रात्री! उसात बिबट्या. काल ह्यांना म्हटलं, जा मोटार चालू करून या... चेहरा बघायला हवा होता तुम्ही! एकटे जायला तयारच नाहीत. तुमच्याकडचे भाऊजी आज रात्री मोकळे आहेत का हो? बॅटरी आमची.