निजामाच्या घरची भानगड

"अवो मास्तरीणबाई, आल्या का वेरूळवरून? झालं का भद्रा मारुतीचं दर्शन?"

"झालं न काकू. तिथं खुलताबादेत एका दर्ग्यातही जाऊन आलो. पहिला निजाम तिथंच पुरलाय अन् त्याच आवारात त्याचा पोरगा नासिरजंगही."

"आपला निजाम? हैदराबादचा?"

"त्याचाच मूळ पुरुष. १९४८ पर्यंत इथं मंचेरियलला त्याच्याच वंशाचं राज्य होतं न."

"बाप-लेक एकाच आवारात! चांगलं पटत असेल मग."

"काय पटते जी? त्या पोरानं बापावरच फौज काढली होती!"

"अरे बाप्पा! थांबा, गॅस बंद करून येते... हां, आता सांगा."

"निजाम दिल्लीत बादशहाचा वजीर होता. तिथं कोणी ऐकेना, तर शिकारीचं निमित्त केलं अन् निघून आला दख्खनेत. इथला सुभेदार होता मुबारिजखान. बादशहाची त्यालाच फूस होती. १७२४ मध्ये बुलढाण्याकडच्या साखरखेर्ड्याला त्या मुबारिजखानाला मारलं, त्याचं मुंडकं दिल्लीला पाठवलं, वरून बादशहाचंच अभिनंदन!"

"लई बिलंदर. अन् बादशहा गप?"

"गपच. उलट आसफजाह म्हणून किताब दिला. मग १७३७ मध्ये त्याच बादशहानं याला दिल्लीला बोलावून घेतलं. जाताना इथला कारभार पोराकडे देऊन गेला. तिकडे भोपाळला मराठ्यांच्या पेशव्यानं, बाजीरावानं याला कोंडलं, मग इराणचा नादिरशहा दिल्लीवर चालून आला. सारं निस्तरता निस्तरता तीन-चार वर्षं गेली. इकडे नासिरजंग एकटाच मालक. १७४० च्या सुरुवातीला तो बाजीरावाशी लढला, हरला अन् मुंगी-पैठणला तह करून हंडिया-खरगोण देऊन मोकळा झाला. त्याच मुलखात रावेरखेडीला बाजीराव एप्रिलमध्ये वारला."

"बापाला न विचारता मुलूख दिला?"

"विचारते कोण? तीन वर्षं हुकूम चालवलेला माणूस. भोवतालचे लोक कान भरून राहिले, आता म्हातारा कशाला मधात, म्हणून."

"अगदी त्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्यासारखं! बाप तिरुपतीला गेला, तर पोरानं गल्ल्याची किल्लीच बदलली."

"तसंच. पण हा म्हातारा परत आला न, सत्तर वर्षांचा! १७४१ मध्ये औरंगाबादजवळ बाप-लेकाची लढाई झाली. पोरगा जखमी झाला, धरला गेला. बापानं त्याला नांदेडकडच्या कंधारच्या किल्ल्यात ठेवलं."

"मारलं नाही?"

"नाही. काही काळानं सोडलं, पुढे औरंगाबादचा सुभाही दिला. मला विचाराल तर म्हाताऱ्याला राग आला असेल, नवल नसेल वाटलं. यानं तरी बादशहाला विचारून दख्खन घेतली होती का?"

"खरंय. मग गादी त्यालाच मिळाली?"

"१७४८ मध्ये म्हातारा बुऱ्हाणपूरला वारला, तेव्हा मिळाली. मरताना सांगून गेला, मराठे या मुलखाचे जमीनदार आहेत, त्यांच्याशी जुळवून घ्या. पण पोराला मराठ्यांनी नाही, आपल्याच माणसांनी खाल्लं. १७५० च्या डिसेंबरात जिंजीकडे त्याच्याच बाजूच्या कडप्याच्या नवाबानं त्याला गोळी घातली. अडीच वर्षंच राज्य केलं त्यानं."

"हाय रे! एवढा आटापिटा अडीच वर्षांसाठी?"

"अन् घरातली खोड गेली नाही काकू. त्याचा धाकटा भाऊ निजामअली. यानं १७६२ मध्ये तेव्हा गादीवर असलेल्या आपल्या भावाला, सलाबतजंगाला, बिदरच्या किल्ल्यात कोंडून गादी घेतली. तो तिथंच मेला."

"मग याच्या पोरानं काय केलं? केलंच असेल."

"केलं न! १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामअलीला हरवलं. दौलताबाद गेलं, तीन कोट रुपये कबूल करावे लागले. त्याच वर्षी त्याचा पोरगा अलीजाह उठला अन् गेला कुठं? बिदरला!"

"चुलत्याला कोंडलं होतं तिथंच?"

"तिथंच. बाप स्वतः नाही गेला. रेमंड म्हणून फ्रेंच सरदार होता, त्याला पाठवलं. त्यानं पोराला औरंगाबादेकडून धरून आणलं, अन् वाटेतच पोरानं विष घेतलं."

"अगं माय! आजा तर स्वतः गेला होता न लढायला?"

"स्वतः गेला होता."

"मग झालं तर. आज्यासमोर नातू असता तर कंधारला चार दिवस बसला असता अन् सुटून आला असता. बाप समोर गेला, पोरगा वाचला. बापानं परका धाडला, पोरगा गेला. मी तर निजामअलीलाच दोष देईन, तुमची पुस्तकं काहीही म्हणोत."

"पुस्तकं एवढंच म्हणतात काकू, की त्यानंतर तो आणखी आठ वर्षं गादीवर होता. १८०३ मध्ये मेला अन् दुसरा पोरगा सिकंदरजाह निजाम झाला."